परसातला रातांबा: रोप नको, कलम घ्या

रातांब्याची, म्हणजे कोकमाची, नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांतली जवळजवळ निम्मी नर निघतात, अन् ते कळतं कधी? ६-७ वर्षं पाणी घातल्यावर, फुलं आली की! परसात जागा एखाद-दुसऱ्या झाडाचीच; तेव्हा खात्रीचं कलमच आणा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं दोन जाती दिल्या आहेत. ‘कोकण हातीस’चं फळ मोठं, पण झाड निव्वळ मादी, जवळपास नर हवा, शेजाऱ्याच्या आवारात असला तरी चालेल. ‘कोकण अमृता’ लवकर पिकते, आमसुलं पावसाआधी उन्हात वाळतात. घरच्यापुरती हीच बरी. कलमाची काडी उभ्या फांदीची होती ना, हे मात्र विचाराच. आडव्या फांदीचं कलम उंच न जाता नुसतं पसरतं.