मोटारखान्यातील विमान

अमेरिकेच्या विमानविषयक नियमांत एक कलम असे आहे की, ते वाचताना आपण सरकारी दप्तरातील मजकूर वाचीत आहोत याचा क्षणभर विसर पडावा. ज्या विमानाच्या घडणीचा बहुतांश भाग, केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा मनोरंजनासाठी हे काम अंगावर घेतलेल्या माणसांनी पार पाडला असेल, त्याला ‘प्रायोगिक’ या सदराखाली उड्डाणाचा परवाना देता येतो. शिकण्याची इच्छा एवढेच कारण राज्यसत्तेने पुरेसे मानावे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली ओरेगॉन राज्यात स्थापन केलेल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ कंपनीकडून अशा विमानाच्या सुट्या भागांच्या पेट्या येतात, आणि दिवसभराची नोकरी आटोपून, जेवण उरकून मोटारखान्यातला दिवा लावणारा गृहस्थ बहुधा शेपटीपासून आरंभ करतो. कारण तिच्यावर हात बसतो, आणि चुकले तरी नुकसान थोडे. बरगड्यांवर पत्रा ठेवून तो ‘क्लेको’ नावाच्या स्प्रिंगच्या खिट्ट्यांनी तात्पुरता जखडायचा, भोके पुऱ्या मापाची करायची, मग सारे पुन्हा सुटे करून प्रत्येक भोकाची खरबरीत कड खरवडून काढायची. तशा कडेपासूनच पुढे धातूला तडा जाण्याचा संभव असतो. पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसत नाही, आणि तरीही कित्येक संध्याकाळी यातच सरतात.

खरी कसोटी पत्रा कायमचा जोडणाऱ्या रिव्हेटची. एकजण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारा हातोडा धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवून उभा राहतो. हा दुसरा पुष्कळदा घरातलाच, पत्नी किंवा मुलगा, आणि मध्ये पत्रा असल्यामुळे दोघांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. आवाज आणि हाताला लागणारा धक्का, एवढ्यावरच दोघांचा मेळ जमतो. चेपून तयार झालेल्या डोक्याची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी भरली पाहिजे. तशी न भरल्यास तो काळजीपूर्वक पोखरून काढायचा नि नवा घालायचा. असे हजारो रिव्हेट, आणि एकूण काम सुमारे दीड हजार तासांचे. रोज दोन तास खाडा न करता दिले, तरी दोन वर्षे.

अखेरीस तपासनीस येऊन नोंदवही व छायाचित्रे पाहतो. दाराजवळ किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत ‘प्रायोगिक’ हा शब्द लिहावा लागतो, आणि सहसा पहिले २५ ते ४० तास नेमून दिलेल्या टापूतच उडावे लागते. बांधणाऱ्यास मात्र त्या एका विमानाच्या वार्षिक तपासणीचा अधिकार देणारा दाखला मिळू शकतो. विमान विकले तरी तो दाखला खरेदीदाराच्या नावे होत नाही. नव्या मालकाला वाटल्यास दरसाल ते विमान, ज्याने मोटारखान्यात त्याची भोके एकेक करून खरवडली, त्याच्याच दारी आणता येते.