व्यवसाय म्हणजे काय व तो कशासाठी असतो?

‘तुझ्या घरची माणसे काय करतात?’ असा प्रश्न वर्गात विचारला असता ‘धंदा करतात’, ‘मागावर बसतात’, ‘कारखान्यात जातात’, ‘शेती करतात’ अशी निरनिराळी उत्तरे मिळतात. या उत्तरांतून उदरनिर्वाहाचे साधन कळते. परंतु त्यांपैकी व्यवसाय कोणता, मजुरी कोणती आणि नोकरी कोणती, हा भेद मुलांच्या व पुष्कळदा पालकांच्याही मनात स्पष्ट नसतो. मोहाडी तालुक्यात हा भेद शिकविण्यास उत्तम साधन घरोघरी उपलब्ध होते व आजही काही घरांत ते आहे. ते म्हणजे हातमाग. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचाच आधार घेतला आहे.

१. व्याख्या

लोकांची एखादी गरज ओळखून ती भागविणारी वस्तू अथवा सेवा, मोबदला घेऊन, नियमितपणे आणि नफा-नुकसानीची जोखीम स्वतःच्या शिरावर घेऊन पुरविणे, यास व्यवसाय म्हणावे. या व्याख्येत चार अंगे आहेत : गरज, मोबदला, सातत्य आणि जोखीम. यांपैकी एकही वगळल्यास व्यवसाय उरत नाही.

शेतकऱ्याने घरी खाण्यापुरते धान पिकविले तर त्यात मोबदला नाही. एखाद्याने आपली जुनी सायकल एकदाच विकली तर त्यात सातत्य नाही. वरठीच्या पोलाद कारखान्यातील कामगारास ठरलेला पगार मिळतो. कारखान्याचा नफा वा तोटा त्याच्या नावे मांडला जात नाही. म्हणून त्याचे काम ही नोकरी होय, व्यवसाय नव्हे. याउलट आठवडी बाजारात रोज नव्या गावी बांगड्या मांडणारी बाई, तिचे भांडवल कितीही अल्प असले तरी, पूर्णार्थाने व्यावसायिक आहे; कारण माल खपला नाही तर नुकसान तिचेच.

वस्तू निर्माण करणे हा उद्योग, तयार वस्तूंची खरेदी-विक्री हा व्यापार आणि दुरुस्ती, वाहतूक, शिलाई यांसारखी कामे करून देणे ही सेवा, असे व्यवसायाचे तीन स्थूल प्रकार मुलांस सांगावेत. तिन्हींची उदाहरणे गावातच सापडतात.

२. एक माग, तीन नाती

मोहाडी व आंधळगाव येथील विणकरांचे कोशाचे कापड प्रसिद्ध आहे. ऐन व अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशांपासून हा धागा काढतात. येथील करवती साडीच्या काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. ती उठविण्यासाठी विणकर तीन धोटे चालवितो व काठाचा आणि अंगाचा आडवा धागा एकमेकांत अडकवीत जातो. काम संथ असते आणि त्यास सरावलेला हात लागतो.

आता अशाच एका मागावर बसलेला विणकर व्यावसायिक आहे काय? उत्तर मागाकडे पाहून देता येत नाही. सूत कोणाचे, हे विचारावे लागते. स्वतः सूत विकत घेऊन, साडी विणून, ती स्वतः विकणारा विणकर व्यावसायिक होय. व्यापाऱ्याकडून सूत आणून, विणलेले कापड त्यालाच परत देऊन नगास ठरलेली रक्कम घेणारा विणकर मजुरीचे काम करतो. तेथे व्यवसाय व्यापाऱ्याचा आहे. सहकारी संस्थेचा सभासद असलेला विणकर मात्र मजुरीही घेतो व संस्थेचा अंशतः मालकही असतो. हात तोच, धोटा तोच, कसबही तेच. परंतु जोखीम व नफा यांचे धनी तीन ठिकाणी निराळे आहेत.

३. नफ्याचा खरा हिशेब

पुढील उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.

समजा, एका साडीस सूत ३,००० रुपयांचे, रंग व खळ ३०० रुपयांची आणि मागाची झीज १०० रुपयांची लागली. साडी ५,००० रुपयांस विकली. विणकर म्हणेल, १,६०० रुपये नफा झाला. आता मुलांना विचारावे, साडी विणण्यास दिवस किती लागले? समजा, ८ दिवस लागले आणि दुसरीकडे काम केले असते तर दिवसाला ३०० रुपये मिळाले असते. म्हणजे श्रमाचे मोल २,४०० रुपये झाले. तेव्हा एकूण खर्च ५,८०० रुपये असून या साडीत ८०० रुपये तोटा आहे. घरातील स्त्रीने कांड्या भरल्या, धागा उलगडला, त्याची किंमत तर यात अद्याप धरलेलीच नाही.

हा हिशेब न मांडल्यामुळे कित्येक घरे वर्षानुवर्षे तोट्यात विणीत राहतात आणि तो तोटा घरच्या माणसांच्या विनामोल श्रमाने झाकला जातो. पुढे मुलगा माग सोडून शहरात जातो, तेव्हा ‘त्याला कष्ट नकोत’ असे म्हटले जाते; वस्तुतः त्याने कदाचित हाच हिशेब मनाशी केलेला असतो.

४. व्यवसाय टिकतो कशावर?

शेजारच्या तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी पाहाव्यात. मध्य भारतातील मँगनीजच्या व्यवसायासाठी १८९६ मध्ये एक ब्रिटिश मंडळी स्थापन झाली. १९६२ मध्ये तिच्या मालमत्तेवर उभ्या राहिलेल्या नव्या कंपनीत केंद्र सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्याकडे मिळून ५१ टक्के भाग आले; १९७७ मध्ये उरलेले भागही सरकारने घेतले; २०१० मध्ये काही भाग सर्वसामान्य जनतेस विकण्यात आले. मालक बदलत गेले, व्यवसाय मात्र चालू राहिला. कारण पोलादासाठी मँगनीज लागतच राहिले.

हातमागाचे नेमके उलट झाले. मालक तोच, कसब तेच. परंतु यंत्रमागाचे कापड स्वस्त मिळू लागल्यावर ग्राहक तिकडे वळला. १९७१ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेले राज्य हातमाग महामंडळ, तसेच काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा १९८५ चा केंद्रीय कायदा, यांनी विणकरास आधार देण्याचा प्रयत्न केला. तथापि, कोणताही आधार ग्राहकाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. करवती साडी आज ज्या प्रमाणात तग धरून आहे, ती हाताच्या विणीची पारख असलेल्या ग्राहकामुळे.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. व्यवसाय जन्मास येतो तो कोणाची तरी गरज भागविण्यासाठी. आणि नफा हे त्याचे अन्न होय. अन्नावाचून माणूस जगत नाही, परंतु माणूस केवळ अन्नासाठी जगतो असेही कोणी म्हणत नाही. ग्राहकास फसवून मिळविलेला नफा व्यवसायाचे मूळच तोडतो, हेही येथेच सांगावे.

५. वर्गासाठी सूचना

(अ) मुलांकडून गावातील दहा कामांची यादी करून घ्यावी व वरील चार अंगे लावून त्यांचे व्यवसाय, मजुरी व नोकरी असे वर्गीकरण करावे.

(आ) एखाद्या विणकरास, शिंप्यास अथवा दुकानदारास सन्मानाने शाळेत बोलवावे. ‘आपल्याकडून कोण घेते, आणि का घेते?’ हा प्रश्न मुलांनीच विचारावा.

(इ) वरील हिशेब निरनिराळे आकडे घेऊन वरच्या वर्गांत गणिताच्या तासाला करावा. कोणत्याही मुलाच्या घरची मिळकत मात्र वर्गात विचारू नये.

१९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेत मुलांनी तयार केलेल्या वस्तू विकल्या जाव्यात व शाळेच्या खर्चास हातभार लागावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे हस्तकौशल्याबरोबर विक्रीचा विचार शाळेस नवा नाही. मोहाडीतील मूल उद्या मागावर बसो, दुकान घालो वा कारखान्यात जावो. आपल्या श्रमाचे मोल आपण धरले की नाही, एवढे त्यास कागदावर मांडता आले पाहिजे. हे शिकविणे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.