हॅनवेलच्या आठ कमानी

लंडनच्या पश्चिमेचे साउथॉल हे उपनगर आपल्या लोकांस नवे नाही. तेथे एका गोमंतकीय स्नेह्याकडे आम्ही उतरलो असता, एका सायंकाळी त्याने आम्हांस शेजारच्या हॅनवेल येथील सार्वजनिक उद्यानात नेले. उद्यान म्हणजे ब्रेंट नावाच्या लहानशा नदीकाठची हिरवळ. मुले चेंडू खेळत होती, म्हातारी माणसे बाकांवर बसली होती, आणि या सर्वांच्या वर, सुमारे 65 फूट उंचीवरून, विटांच्या आठ प्रचंड कमानी नदीचे खोरे ओलांडून चालल्या होत्या. वॉर्नक्लिफ पूल तो हाच.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अभियंता इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल याने हा पूल 1836-37 साली उभारला. त्या वेळी त्याचे वय अवघे तीस. प्रत्येक कमानीचा गाळा 70 फुटांचा. खांब वर निमुळते होत गेलेले, इजिप्तच्या देवळांची आठवण करून देणारे, आणि आतून पोकळ. मधल्या खांबाच्या माथ्यावर लॉर्ड वॉर्नक्लिफ यांचे कुलचिन्ह कोरले आहे. रेल्वेचे विधेयक उमरावांच्या सभागृहातून पार पाडण्यास त्यांचे साहाय्य झाले होते. ही कृतज्ञता म्हणावी की पुढच्या विधेयकाची बेगमी, हे ज्याचे त्याने ठरवावे! 1838 च्या जूनमध्ये येथून उतारूंच्या गाड्या धावू लागल्या; पुढल्याच वर्षी या लोहमार्गालगत विजेच्या तारायंत्राची तार गेली, आणि 1845 साली त्याच तारेने स्लाव येथून पळालेल्या एका खुन्याची वर्दी त्याच्या गाडीआधी लंडनास पोचविली.

परक्या राजवटीच्या कौतुकाचे वेड आम्हांस कधीच नव्हते, आजही नाही. परंतु विटांस राजवट नसते. मुंबई-ठाणे गाडी 1853 साली सुटली, तिच्या पंधरा वर्षे आधीपासून हा पूल राबत आहे. वाफेची इंजिने गेली, ब्रुनेलचा सात फुटी रुंद मार्ग गेला, 1877 साली उत्तरेकडे खांबांची आणखी एक ओळ जोडून पूल रुंद केला गेला, आणि आज विजेच्या शेकडो गाड्या त्यावरून रोज धावतात. 1949 साली कायद्याने त्याला सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तूंत स्थान दिले. पण संरक्षण म्हणजे कुंपण घालून, पाटी लावून मोकळे होणे, असा अर्थ तेथे कोणी केलेला दिसत नाही. पोकळ खांबांत वटवाघळांची वस्ती आहे. त्यांनाही तेथे कायद्याचे अभय आहे. म्हणजे डागडुजी करणाऱ्याने त्यांचीसुद्धा मर्जी राखावयाची!

तेथे उभे असता आमचे मन घरी धावले. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा तो बांधून पुरती दोन दशकेही झाली नव्हती; आणि त्याच पणजीला रायबंदरशी जोडणारा, 1630 च्या दशकातला लिन्यारीशचा बांधपूल मात्र आजही रहदारी वाहतो. जुने ते पक्के, नवे ते कच्चे, असे मात्र कोणी यावरून म्हणू नये. 18 मे 2017 रोजी सावर्डे-कुडचडे येथील पोर्तुगीजकालीन पादचारी पूल नदीतील शोधकार्य पाहण्यास जमलेल्या गर्दीखाली तुटला आणि माणसे पाण्यात पडली. तो पूल वापरास कधीच बंद केलेला होता. बंद केला, पण पाडला नाही. ठेवला, पण सांभाळला नाही. वास्तूचा वारसा म्हणून मान राखायचा की अडगळ म्हणून ती दूर करायची, याचा निर्णयच न करणे हीच आपली रीत होऊन बसली आहे. आज आपल्या नद्यांवर असे बंद पडलेले पूल किती उभे आहेत, त्यांची यादी बांधकाम खात्याने जनतेपुढे ठेवावी, ही आमची मागणी आहे. नव्या पुलांच्या उद्घाटनांची वर्णने छापण्यास आम्ही नेहमीच जागा देतो. या यादीसही देऊ.

अंधारू लागले, तशी खांबांतून वटवाघळे बाहेर पडू लागली. तेवढ्यात डोक्यावरून एक लांबलचक गाडी पश्चिमेकडे धडधडत गेली. स्नेह्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "ही स्विंडनला थांबणारी," तो म्हणाला. ब्रुनेलच्या रेल्वेचा मोठा कारखाना त्या गावी होता. तोही 1986 सालीच बंद पडला. आज त्या गावी हजारो गोमंतकीय राहतात. गाडीत आपल्या गावचे कोणीतरी असेलच, असे म्हणून तो शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत वर पाहत राहिला.