गाळातली काचेची साक्ष

तलाव बिघडलाय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पाणी हिरवंगार होतं, घाण वास सुटतो, मेलेले मासे काठाला लागतात. खरी भांडणं त्यापुढची असतात. हा बिघाड कधी सुरू झाला, कशामुळे झाला, आणि बिघडण्याआधीचं पाणी नेमकं कसं होतं? या प्रश्नांना कारखानदार एक उत्तर देतो, शेतकरी दुसरं, नगरपालिका तिसरं, आणि तिघांपैकी कोणाकडेच शंभर वर्षांपूर्वीच्या पाण्याचा तपासणी-अहवाल नसतो, कारण तेव्हा कोणी पाणी तपासत नव्हतं. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा अभ्यास या ठिकाणी उपयोगी पडतो. नोंद ठेवायला कोणी नसताना तलावाने स्वतःच ठेवलेली नोंद या शैवालांत सापडते. ती नसेल तर तलावाच्या ‘आरोग्या’वरची चर्चा बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने संपते.

डायटम एकपेशीय असतात आणि पेशीभोवती सिलिकाचं, म्हणजे एका अर्थी काचेचंच, कवच बांधतात. साबणाच्या डबीचं झाकण खालच्या भागावर बसावं तशी कवचाची दोन अर्धुकं एकमेकांवर बसतात. पेशी मेली की आतला जीव कुजतो, कवच तळाशी जातं, आणि दरवर्षीच्या गाळाबरोबर थरावर थर चढत जातो. अभ्यासक तलावाच्या खोल भागात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना, म्हणजे कोर, काढतात आणि त्याच्या पातळ चकत्या करतात. गाळ आम्लात किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवला की सेंद्रिय घाण जळून जाते आणि कवचं उरतात. ती साध्या पाण्यात जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून प्रकाश जास्त वाकवणाऱ्या नॅफ्रॅक्ससारख्या डिंकात काचपट्टीवर बसवावी लागतात. मग हजारपट मोठं करून एकेक कवच ओळखायचं. आकार कसा, मधली फट कुठवर जाते, दहा मायक्रोमीटरच्या अंतरात किती रेषा आहेत, हे सगळं पाहायचं. एका चकतीतली साधारण तीनशे ते पाचशे कवचं मोजली की त्या काळी तळ्यात कोणाची वस्ती होती ते कळतं. काळ ठरवायला शिसे-२१० हे किरणोत्सारी समस्थानिक वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षांचा असल्याने गेल्या शे-दीडशे वर्षांचा हिशेब त्यातून बऱ्यापैकी लागतो.

या साक्षीची खरी उलटतपासणी झाली ती स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागातल्या गॅलोवे प्रदेशात. राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड हा तिथला ग्रॅनाइटच्या डोंगराळ माळावरचा छोटा तलाव. रॉजर फ्लॉवर आणि रिचर्ड बॅटर्बी यांनी १९८३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या तलावातले डायटम बदलत गेले. मंद आम्ल पाण्यात राहणाऱ्या जाती कमी झाल्या आणि तीव्र आम्ल सोसणाऱ्या टॅबेलारियाच्या जाती वाढल्या. त्यावरून काढलेला पाण्याचा सामू (पीएच) साधारण ५.५ वरून ४.७ वर उतरला होता. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण सामूचं माप दहाच्या पटीत चालतं. म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे सहापट वाढले होते. आरोप उघड होता: कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांचं आणि वीजकेंद्रांचं गंधक पावसातून तलावात उतरत होतं. नॉर्वे आणि स्वीडन हीच तक्रार आधीपासून करत होते, आणि ब्रिटनच्या वीज मंडळाला ती मान्य नव्हती.

तक्रार न मानणाऱ्यांचे आक्षेप हास्यास्पद नव्हते, हे आधी मान्य केलं पाहिजे. सूचिपर्णी झाडांच्या लागवडीने माती आणि पाणी आम्ल होतं, हे खरंच आहे. चराई कमी होऊन माळावर हीदरची झुडपं वाढली की तसंच होतं, असं नॉर्वेतल्या इव्हान रोझेनक्विस्ट यांचं म्हणणं होतं. शिवाय हिमयुगानंतरचे तलाव हजारो वर्षांत आपसूकच थोडे आम्ल होत जातात. मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते ती उत्तर देण्याची पद्धत. प्रत्येक आक्षेप खरा धरायचा, तसं असतं तर गाळात काय दिसायला हवं होतं ते ठरवायचं, आणि मग ते शोधायचं. राउंड लॉखच्या पाणलोटात लागवड झालेलीच नव्हती, तरी तो आम्ल झाला होता. झुडपांचा मुद्दा तपासायला त्याच तलावाचा खोल कोर काढला. काही हजार वर्षांपूर्वी या माळावर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि झुडपं आपोआप पसरली होती, आणि परागकणांत ते स्पष्ट दिसत होतं. पण त्या थरांतल्या डायटमांनी आजच्यासारखी आम्लता दाखवली नाही. वरच्या थरांत मात्र डायटम बदलतात त्याच सुमारास शिसे आणि जस्त वाढतं, आणि पुढे कोळसा-तेल जळून तयार होणाऱ्या राखेचे गोल काळे कणही येतात. अशी राख पीटमधून येत नाही आणि झुडपांतूनही येत नाही. वीज आणि कोळसा मंडळांच्याच पैशातून चाललेल्या, ब्रिटन-नॉर्वे-स्वीडनच्या संयुक्त कार्यक्रमाचा निष्कर्षही १९९० मध्ये त्याच बाजूने पडला.

पण कवचं मोजून सामू सांगायचा कसा? प्रत्येक जातीला मानवणारं पाणी वेगळं असतं, हे फ्रीडरिश हुस्टेट या जर्मन शाळामास्तराने १९३७ ते १९३९ दरम्यान पद्धतशीर मांडलं. गंमत म्हणजे त्यासाठीचे नमुने जावा, सुमात्रा आणि बाली इथल्या उष्ण पाण्यातले होते. पुढे अनेक तलावांच्या वरच्या गाळातले डायटम आणि त्याच तलावांच्या पाण्याचा सामू यांची सांगड घालून संख्याशास्त्रीय नियम बसवले गेले. वर सांगितलेल्या संयुक्त कार्यक्रमात असे १६७ तलाव होते. उत्तरात ०.३ सामूच्या आसपास चूक राहते. ही चूक लपवायचं कारण नाही, कारण ०.८ चा उतार तिच्याहून बराच मोठा आहे. मात्र ०.२ च्या चढउतारावर कोणी कथा रचू लागला तर त्याला थांबवायला हवं. कडक अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळते, म्हणून लोणारसारख्या सरोवरात मोजायला घेतलेली कवचं म्हणजे उरलीसुरली कवचं असण्याचा धोका आहेच. पाण्यात एकाच वेळी सामू, फॉस्फरस आणि तापमान बदललं तर दोष कोणाच्या माथी मारायचा, हाही पेच राहतो. म्हणून डायटमला एकट्याला साक्षीला उभं करत नाहीत. परागकण, धातू आणि राखेचे कण सोबत लागतात.

आपल्याकडे अडचण आणखी मुळातली आहे. युरोपातल्या जातींची यादी इथल्या तलावाला लावली तर पहिली चूक ओळखण्यातच होते, कारण पश्चिम घाटातल्या कितीतरी जाती त्या पुस्तकांत नाहीतच. या कामाचा पाया हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी घातला. १९५०च्या दशकापासून त्यांनी कोल्हापूर, पन्हाळा आणि मुंबई परिसरातल्या डायटमांवर लिहिलं आणि पुढे पश्चिम भारतातल्या कितीतरी नव्या जातींची वर्णनं केली. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हा धागा चालू आहे. कासच्या पठारावरच्या एका हंगामी तळ्याचा आठ हजार वर्षांहून जुना गाळ या संस्थेने तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय भूविज्ञान अभ्यास केंद्राबरोबर तपासला. पावसाच्या जुन्या चढउतारांबरोबर त्यात एक गोष्ट दिसली. अलीकडच्या थरांत प्रदूषण सोसणाऱ्या जाती वाढल्या आहेत, आणि त्यामागे माणसांचा आणि गुरांचा वावर असावा. आपण ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणून तिकीट काढून पाहायला जातो, त्याचीही ही नोंद आहे.

यावर व्यवहारी माणूस विचारेल, आजचं पाणी तपासण्याची सोय असताना गाळ कशाला उपसायचा? कारण आजचा अहवाल आजच्या बाटलीपुरता असतो. तलाव सुधारायचा म्हणजे कुठवर सुधारायचा, हे त्यातून कळत नाही. युरोपीय संघाने २०००च्या पाणीविषयक निर्देशात माणसाचा उपद्रव जवळजवळ नसतानाची स्थिती हीच मोजपट्टी धरली, आणि ती ठरवायला कोर कामी येतात. राउंड लॉखमध्ये गंधक कमी झाल्यावर सामू वर चढला, काही जुन्या जाती परतल्या. पण डायटमांचा समाज जसाच्या तसा परतलेला नाही, कारण दरम्यान नायट्रोजन आणि हवामान दोन्ही बदललं. सुधारणा अर्धीच आहे, हेही जुन्या कवचांशी तुलना केल्यावरच कळलं.

महाराष्ट्रात मात्र गाळाची ही दप्तरं झपाट्याने रिकामी होताहेत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ उपसून शेतात टाकतात. पाणीसाठा वाढतो, हलक्या जमिनीला माती मिळते. दुष्काळी तालुक्यात तिला विरोध करणं शहाणपणाचं नाही. पण पोकलेन उतरण्याआधी सर्वांत खोल भागातून मीटरभराचा एक कोर काढून तो थंड खोलीत ठेवायला फार खर्च येणार नाही. निदान जुन्या, दीडशे-दोनशे वर्षांच्या तलावांपुरती ही अट निविदेतच घालता येईल.