परसातल्या कोंबड्या आणि बदके: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परसातल्या खुराड्यात सहसा एकाच जातीचे पक्षी नसतात. चार-सहा गावठी कोंबड्या, एक कोंबडा, सुधारित जातीच्या दोन-तीन गिरिराज किंवा वनराज, बदकांची जोडी, हौसेने आणलेली टर्की आणि डालग्याखाली आठ-दहा पिल्ले असा हा संसार असतो. त्याचे संगोपन अवघड नाही, खर्चीकही नाही. तरी दरवर्षी पक्षी दगावतात, अंडी अचानक थांबतात, पिल्ले लंगडू लागतात. यांतले बरेचसे नुकसान दोन समजुतींमुळे होते. पक्षी आपले पोट आपणच भरतो, ही पहिली. सगळे पक्षी सारखेच, ही दुसरी. पुढचे बहुतेक गैरसमज या दोन समजुतींतूनच आलेले आहेत.

गैरसमज : मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला वेगळे खाद्य लागत नाही.

वस्तुस्थिती : मोकळी कोंबडी किडे, वाळवी, गवताचे बी, कोवळा पाला आणि खरकटे टिपते. हा आहार चांगला असला तरी बारमाही नसतो. पावसाळ्यात किड्यांची रेलचेल असते, सुगीत दाणा सांडलेला असतो. उन्हाळ्यात मात्र जमीन कोरडी पडते आणि टिपायला फारसे काही उरत नाही. वर्षाला ५० ते ७० अंडी देणारी गावठी कोंबडी अशा दिवसांत अंडी थांबवून स्वतःला सावरते. शंभराच्या पुढे अंडी देणाऱ्या सुधारित कोंबडीला हे झेपत नाही, ती झिजत जाते. त्यामुळे मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्यालाही रोज ३० ते ५० ग्रॅम पूरक खाद्य द्यावे, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त.

पोट भरले की नाही, हे हाताने कळते. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात शिरताना तिच्या गळ्याखाली, किंचित उजव्या अंगाला, बोटांनी चाचपावे. तिथे अन्नाची पिशवी असते. ती दाण्यांनी भरून लिंबाएवढी लागली तर दिवस चांगला गेला. ती रिकामी, सैल लागली तर कोंबडी उपाशी झोपायला चालली आहे. सकाळी ही पिशवी रिकामी असायला हवी. तेव्हाही ती भरलेली आणि घट्ट असेल तर अन्न अडकले आहे.

अझोल्याबद्दलही अशीच समजूत आहे. वाळलेल्या अझोल्यात प्रथिने भरपूर असतात, पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तो खाद्याला जोड म्हणून उत्तम, पण नुसत्या अझोल्यावर कोंबडी पोसत नाही.

गैरसमज : माणसाला न चालणारे, बुरशी धरलेले धान्य कोंबड्यांना चालते.

वस्तुस्थिती : परसातल्या पक्ष्यांना सर्वांत महागात पडणारी समजूत हीच. ओल लागलेल्या मक्यावर, शेंगदाण्यावर आणि शेंगदाणा पेंडीवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाव घालते. या विषाचा शोधच पक्ष्यांच्या मृत्यूतून लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की मेल्या, आणि कारण निघाले त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड.

हे विष सर्व पक्ष्यांना सारखे बाधत नाही. बदकाची पिल्ले आणि टर्की त्याला फार लवकर बळी पडतात, कोंबडी तुलनेने तग धरते. म्हणूनच मिश्र कळपात फसगत होते. एकाच पाटीतले खाऊन कोंबड्या हिंडत राहतात, बदकाची पिल्ले मरतात आणि दोष हवेला दिला जातो. धान्य धुऊन, उन्हात घालून किंवा शिजवून बुरशी दिसेनाशी होते, विष मात्र उरते. असे धान्य फेकून देणे हाच उपाय आहे. साठवणीचा मका दाताखाली कट्ट वाजेल इतका वाळलेला असावा आणि पोते भुईवर न ठेवता फळीवर ठेवावे.

उरलेले लोणचे, पापड, खारवलेली मासळी हेही पक्ष्यांना घालू नये. जास्त मीठ पक्ष्यांना मारक ठरते.

गैरसमज : एकच खाद्य सर्व वयांच्या पक्ष्यांना चालते.

वस्तुस्थिती : अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते भरून काढण्यासाठी अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात, म्हणजे लेयर मॅशमध्ये, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घालतात. पिल्लांना मात्र सुमारे एक टक्का पुरते. पिल्ले आठवडेच्या आठवडे लेयर मॅश खात राहिली तर त्यांचे मूत्रपिंड बिघडते. उलट बाजूने, पिल्लांच्या खाद्यात २० ते २२ टक्के प्रथिने लागतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर वाढवलेली पिल्ले खुरटतात.

यावर दोन सोपे मार्ग आहेत. पहिला : सर्वांना कमी कॅल्शियमचे ग्रोअर खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते, ती तो स्वतःहून खाते. कवच मुख्यतः रात्री तयार होत असल्याने संध्याकाळी तर विशेष आवडीने. दुसरा : पिल्लांचे खाद्य डालग्याखाली ठेवावे आणि डालग्याच्या कडेखाली विटांचे तुकडे सरकवावेत. त्या फटीतून पिल्ले सहज आत जातात, मोठ्या कोंबडीचे डोके बाहेरच अडते.

अंड्यांची टरफले घातल्यास कोंबडीला अंडी फोडून खायची सवय लागते, असेही मानतात. टरफले भाजून बारीक चुरली, म्हणजे अंड्याचा आकार आणि वास उरत नाही आणि ती निर्धास्तपणे देता येतात.

गैरसमज : बदके, टर्की आणि कोंबड्या एकत्र सुखाने नांदतात.

वस्तुस्थिती : दिवसा एका परसात फिरणे वेगळे आणि रात्री एका खुराड्यात कोंडणे वेगळे. बदक खाताना चोच सतत पाण्यात बुडवते. त्यामुळे भांडे घाण होते आणि खालचे तूस चिंब होते. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने पिकतात आणि कोंबडीची पिल्ले त्यांना बळी पडतात. बदकांची झोपायची जागा आणि पाणी वेगळे ठेवले की हा प्रश्न बराचसा मिटतो. बदकांना तळे लागतेच असे नाही. डोके आणि नाकपुड्या बुडतील इतक्या खोलीचे पाणी असले तरी ती निरोगी राहतात आणि अंडीही देतात.

बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरेच जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात आणि पिल्लू बसून राहते. थोडे यीस्ट खाद्यात मिसळल्याने ही उणीव भरून निघते.

टर्कीची अडचण याहून गंभीर आहे. कोंबडीच्या आतड्यातल्या एका जंताच्या अंड्यांबरोबर ‘ब्लॅकहेड’ या रोगाचे सूक्ष्मजीव बाहेर पडतात. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, टर्कीचे यकृत मात्र त्याने निकामी होते. ही जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून टर्कीला कोंबड्या फिरलेल्या जागेपासून दूर ठेवणे हाच खरा बचाव.

गैरसमज : खुडूक कोंबडी पाण्यात बुडवली की ताळ्यावर येते.

वस्तुस्थिती : खुडूक बसणे हा आजार नाही. शरीरातल्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा तो परिणाम आहे. पाण्यात बुचकळणे किंवा नाकपुडीत पीस खुपसणे यांनी कोंबडीचा छळ तेवढा होतो. अंडी उबवायची नसतील तर तिला घरट्यातून काढून तीन-चार दिवस हवेशीर, जाळीच्या बुडाच्या पिंजऱ्यात ठेवावे आणि खाद्यपाणी नेहमीसारखेच द्यावे. पोटाखाली ऊब साठली नाही की खुडूकपणा ओसरतो.

उबवायची असतील तर एका गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसतात. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्यांना २८. दोन्ही एकदम ठेवली तर पहिली पिल्ले निघताच कोंबडी उठते आणि बदकाची अंडी गार पडतात. त्यासाठी बदकाची अंडी आधी ठेवून कोंबडीची सात दिवसांनी ठेवावीत.

गैरसमज : कोंबडा नसेल तर अंडी मिळत नाहीत, लांबट अंड्यातून नर निघतो.

वस्तुस्थिती : अंडी देण्यासाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्लांसाठी लागतो, आणि आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. अंड्याच्या आकाराचा पिल्लाच्या लिंगाशी काहीही संबंध नाही. लिंग कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. कवचाचा रंगही जातीवर ठरतो, त्यावरून पौष्टिकता कळत नाही. कडकनाथची अंडी काळी असतात हेही खरे नाही. ती फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाची असतात.

गैरसमज : कोंबडी राखेत लोळते, म्हणजे तिच्या अंगावर कीड उरत नाही.

वस्तुस्थिती : कोरडी माती आणि राख यांत लोळल्याने पिसांतल्या उवा कमी होतात. कोंबड्यांची गोचीड मात्र दिवसा सहसा अंगावर सापडत नाही. ती खुराड्याच्या फळ्यांच्या, बांबूच्या आणि भिंतीच्या फटींत लपते आणि रात्री रक्त पिते. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन फटी पाहाव्यात, दिवसा त्याच फटीत काडी घालून पाहावी. काडीला रक्ताचा डाग लागला तर गोचीड तिथेच आहे. खुराडे रिकामे करून फटी औषधाने धुणे आणि चुन्याने लिंपणे आवश्यक ठरते. पक्ष्याचे अंग कितीही चोळले तरी ती जात नाही.

गैरसमज : मानमोडी आली की औषध द्यावे.

वस्तुस्थिती : मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. तो विषाणूमुळे होतो, त्यामुळे प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. मान वाकडी झालेला पक्षी दिसेपर्यंत रोग खुराडाभर पसरलेला असतो. उपाय आधीचाच : पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा थेंब, सुमारे चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. लस फक्त निरोगी पक्ष्याला द्यावी. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात. दहा कोंबड्यांसाठी ती परवडत नाही, म्हणून लसीकरण राहून जाते. वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकाच सकाळी पक्षी लसवले तर एक कुपी सर्वांना पुरते. रोग दिसल्यावर उरलेले पक्षी आठवडी बाजारात विकणे म्हणजे तो पुढच्या गावांना वाटणे होय.

गैरसमज : बर्ड फ्लू मोठ्या पोल्ट्रीतच येतो आणि तो आला की अंडी-मांस वर्ज्य.

वस्तुस्थिती : भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे आढळला, तो तिथल्या पोल्ट्रींमध्ये. परसातला कळपही त्यापासून सुरक्षित नसतो. बदकाच्या शरीरात हा विषाणू लक्षणांविना राहू शकतो, आणि पाणथळ जागी रानपक्ष्यांत मिसळणारी बदके तो खुराड्यापर्यंत आणू शकतात. ७० अंश सेल्सिअस तापमानाला पूर्ण शिजलेल्या अंड्यात आणि मांसात विषाणू जिवंत राहत नाही. धोका असतो तो आजारी किंवा मेलेला पक्षी उघड्या हाताने हाताळण्यात. पक्षी एकामागून एक मरू लागले तर ते कापू नयेत, ओढ्यात टाकू नयेत, कुत्र्यांना घालू नयेत. उरलेल्या पक्ष्यांना कोंडून ठेवावे आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.