चला, दुसरी फेरी

रविवार. सकाळचे सहा वाजायला आलेत. सांगलीतल्या एका बागेच्या फाटकाशी माणसं जमतायत. बाग कोणती ते लिहीत नाही. लिहिलं तर यातली निम्मी माणसं उद्यापासून इथे यायची बंद होतील. चहाची गाडी नुकती लागली आहे, दूधवाल्यांच्या मोटारसायकली कॅन वाजवत जातायत, कृष्णेकडून येणारा गारवा अजून हवेत आहे. नेहमीची फिरणारी मंडळी आपापल्या चालीत फेऱ्या मारतायत. त्यांच्यातच हा आठ-नऊ जणांचा घोळका मिसळून उभा आहे. फलक नाही, एकसारखे टी-शर्ट नाहीत. कुणी विचारलंच तर ‘बीपी-शुगरवाल्यांचा ग्रुप’ एवढंच सांगायचं ठरलेलं आहे. ते खोटंही नाही.

हे सगळे एचआयव्हीसह जगणारे लोक आहेत. मला इथे घेऊन आलेल्या ताई एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहेत. वही पिशवीतच ठेवा, बरोबर चाला, आणि कुणाचं नाव विचारू नका, असं त्यांनी बजावलेलं आहे. कायद्यानेही ते बंधन आहे: 2017 साली संसदेने केलेला एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि माणसाच्या संमतीवाचून त्याची एचआयव्हीची स्थिती उघड करायला तो मनाई करतो.

चालण्याआधी रक्तदाब. ताईंच्या पिशवीतून मनगटभर जाडीचा निळा पट्टा आणि छोटं यंत्र निघतं. बाकावर पहिले बसतात ते एसटीतून निवृत्त झालेले काका. ‘पाच मिनिटं गप बसायचं. पाय एकावर एक नको. हात इथं, छातीच्या रेषेत.’ काका आज्ञाधारकपणे बसतात. यंत्र घुं-घुं करतं, थांबतं. 134 आणि 84. काकांचा चेहरा फुलतो.

त्यांना मागच्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. स्टेंट बसवलेला आहे. ‘पंधरा वर्षं मी एकच धास्ती घेतली होती,’ ते सांगतात; प्रतिकारशक्तीच्या पेशी किती आणि रक्तात विषाणू किती, या दोन तपासण्यांची. ‘सीडी-फोर किती आला, व्हायरल लोड किती आला. ते दोन्ही एकदम चोख. आणि गाडी अडकली ती हितं.’ ते छातीवर बोट ठेवतात. ‘बीपी कधी मोजलंच न्हाई. मलाबी वाटलं न्हाई, कुणी सांगितलंबी न्हाई.’

त्यांच्या या दोन वाक्यांत आजचा सगळा प्रश्न आलेला आहे. 1 एप्रिल 2004 रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली तेव्हा धडपड होती ती माणूस वाचवण्याची. क्षयाने, जुलाबांनी, न्यूमोनियाने तरणीताठी माणसं जात होती. आज दिवसाला एक गोळी, तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं. ती नेमाने घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू तपासणीला सापडतही नाही, आणि मग लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जातही नाही. माणसं पन्नाशी ओलांडतायत, साठी ओलांडतायत, नातवंडं खेळवतायत. आता त्यांना गाठतायत ते इतरांचेच आजार, फक्त जरा लवकर आणि जरा जास्त. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद केली तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयरोगाचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट दिसला.

‘चला, पहिली फेरी.’

ताई पुढे, मी मध्ये, बाकीचे दोघं-दोघं मिळून. सुरुवातीला चाल सैल आहे. एक वळण गेल्यावर ताई वेग वाढवतात. नियम सोपा: चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी, आणि बोलतानाच धाप लागत असेल तर जास्त. माझ्या पुढच्या दोघी भिशीबद्दल बोलतायत, वाक्य मध्येच तोडून श्वास घेतायत. वेग बरोबर आहे.

गाल बसलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी येतात. नाकापर्यंत उपरणं गुंडाळलेलं आहे. थंडी तेवढी नाही. चालता चालता तेच सांगतात. त्यांनी औषधं सुरू केली ती सरकारी केंद्रं सुरू होण्याआधी, स्वतःच्या पैशाने; अर्धा एकर विकून. त्या काळच्या गोळीत स्टॅव्हुडिन असायचं. जीव त्याच गोळीने वाचवला, पण गालांची, हातापायांची चरबी ओढून नेली. ‘गावात लोक गालावरनं वळखायचे,’ ते म्हणतात. ते औषध आता आपल्याकडच्या उपचारातून कधीच गेलंय. गाल मात्र परत आले नाहीत. म्हणून उपरणं. म्हणून गावात न फिरता पहाटेची पहिली बस पकडून ते इथे येतात.

त्यांचं बोलणं ऐकताना मला राग येतो. चालणं हा जगातला सर्वांत स्वस्त उपचार, असं आपण किती सहज म्हणतो. बुटांचे पैसे सोडले तर खर्च नाही. पण गावच्या रस्त्यावरून दिवसाढवळ्या चालायला तोंड झाकावं लागणाऱ्या माणसासाठी तो स्वस्त कसा? बसचं भाडं आहेच, शिवाय ‘कुठं निघालास?’ या प्रश्नाचं रोज नवं उत्तर शोधणं आहे.

दुसऱ्या वळणावर ते ताईंना विचारतात, ‘विषाणू सापडत न्हाई म्हणता, मग हृदयाला कशाचा त्रास?’

ताई वेग न कमी करता उत्तर देतात. ‘गोळीनं आग विझली, पण राखेखाली निखारा राहतो. शरीराची पलटण विषाणूवर नजर ठेवून सतत जागी असते. तिच्या त्या जागेपणानं रक्तवाहिन्यांची आतली बाजू सुजत राहते. सुजलेल्या जागी चरबी लवकर चिकटते.’ मी डॉक्टरांकडून ऐकलेलं त्यात भर घालतो: संसर्गाच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तराचं नुकसान होतं आणि जंतूंचे अंश तिथून रक्तात झिरपत राहतात, ही धग टिकून राहण्याचं ते एक मोठं कारण. काही जुन्या औषधांनी कोलेस्टेरॉल वाढवलं. नव्या गोळीवर अनेकांचं वजन वाढतं. वर तंबाखू आहे, रात्रीची जागरणं आहेत, मनावरचं ओझं आहे.

‘मग गोळीच बंद केली तर?’ मागून कुणीतरी विचारतं.

ताई थबकतात. आख्खा घोळका थांबतो. ‘हे डोक्यातनं काढून टाका,’ त्या म्हणतात. त्यांचा आवाज प्रथमच चढलेला आहे. हे आधी करून पाहिलेलं आहे. अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत काही लोकांची औषधं मध्ये मध्ये थांबवली होती. 2006 साली निष्कर्ष आले तेव्हा औषध थांबवलेल्यांत मृत्यू जास्त होते आणि हृदयविकारही जास्त होते. हृदयाचं पहिलं औषध म्हणजे रोजची एआरटीची गोळीच. चालणं तिच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे.

‘चला, दुसरी फेरी.’

या फेरीत एक मावशी मागे पडतात. मी त्यांच्याबरोबर मागे राहतो. त्या तासगावकडे द्राक्षबागेत रोजंदारीला जातात. छाटणी, विरळणी, डिपिंग. दिवसभर हात वर. ‘मला कशाला ह्यो व्यायाम? सांजच्याला पाय पाय न्हाईत,’ त्या म्हणतात. त्यांचं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली शारीरिक हालचालीच्या सूचना काढल्या तेव्हा दीर्घ आजारांसह जगणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण केलं, आणि त्यात एचआयव्हीचं नाव घेऊन उल्लेख केला. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. त्या 150 मिनिटांत कामावरची हालचालही धरली जाते. मावशींची 300 मिनिटं तर दोन दिवसांत होत असतील.

म्हणून ताई त्यांना जास्त चालायला सांगत नाहीत. त्यांना इथे बोलावलंय ते दुसऱ्याच कारणासाठी. मघाशी बाकावर त्यांचा आकडा आला होता 156 आणि 98. थोड्या वेळाने पुन्हा मोजला, तरी 152. ‘मावशी, मिसरी किती येळा?’ मावशी खाली बघतात. ‘सकाळी. आन् दुपारी. आन् झोपताना.’ मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू, रक्तवाहिन्या आवळणारा. भाकरीबरोबर खर्डा आणि लोणचं, त्यातलं मीठ वेगळंच. ताई चिठ्ठीवर आकडे लिहून देतात: मंगळवारी केंद्रात गोळ्या घ्यायला याल तेव्हा ही डॉक्टरांना दाखवायची. मिसरी आधी झोपतानाची बंद. मला हे पटतं. सगळ्यांना एकच ‘रोज चालत जा’ सांगणारा सल्ला मावशींच्या कामाचा नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला विश्रांती आणि बीपीची गोळी लागते. दुकानात बसून असणाऱ्याला पायपीट लागते.

तसा दुकानात बसणारा एक पोरगा इथे आहे. बाविशीचा. जन्मापासून एचआयव्हीसह. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर स्टुलावर. गोळी बदलल्यापासून पोट सुटलंय, असं तो सांगतो. त्याला चालण्यात रस नाही. तो सगळ्यांना मागे टाकून पळतोय, आणि फेरी पूर्ण करून आमच्या घोळक्याला पुन्हा गाठतोय. त्याला जिममध्ये जायचंय. ‘फॉर्मवर आजार कोणता म्हणून रकाना असतोय,’ तो म्हणतो. घामातून, डंबेल्सवरून, टॉवेलवरून एचआयव्ही पसरत नाही. त्या रकान्यात हे लिहिणं त्याच्यावर कुणी सक्तीचं करू शकत नाही. त्याला हे माहीत आहे. तरी तो अजून गेलेला नाही. आजीने लहानपणी सांगितलंय, दमायचं नाही, रक्त कमी होतं, सीडी-फोर उतरतो.

ही भीती या घोळक्यात जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी बाळगलेली आहे. ज्यांची तब्येत स्थिर आहे अशा लोकांवर व्यायामाचे बरेच अभ्यास झालेत. सीडी-फोर पडल्याचं किंवा विषाणू वाढल्याचं त्यांत दिसत नाही. दम टिकतो, ताकद वाढते, मन हलकं होतं. अर्थात क्षयाचे उपचार नुकते सुरू असतील, अंगात रक्त फार कमी असेल, चालताना छातीत दाटत असेल, तर आधी डॉक्टर, मग बूट.

फेऱ्या संपतात. बागेच्या मागच्या बाजूला, जिथे फारसं कुणी येत नाही, तिथे ताकदीचा व्यायाम. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत. बाकावरून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. भिंतीला हात टेकून जोर. टेनोफोव्हिरने हाडांची घनता थोडी उतरते, पन्नाशीनंतर ती तशीही उतरते. स्नायूंवर ताण दिला की हाडालाही आधार मिळतो. उपरणंवाले गृहस्थ इथे उपरणं सोडतात. बाकावर ठेवतात. दहा वेळा उठतात, बसतात, थांबतात, आणि आणखी पाच करतात. पोरगा मोजतोय.

काका मला कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनबद्दल विचारतात. त्यांना झटक्यानंतर ती गोळी सुरू झाली आहे. बाकीच्यांना का नाही? प्रश्न योग्य आहे. 2023 साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 7,769 लोक, 12 देश, भारतही त्यांत. वय 40 ते 75, सगळे एचआयव्हीसह जगणारे, हृदयरोगाचा धोका कमी किंवा मध्यम मानला गेलेले. रोज पिटाव्हॅस्टॅटिन घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी हे बोलायला हवं. दुकानातून आपल्या मनाने मात्र घ्यायची नाही. काही एआरटी औषधांबरोबर काही स्टॅटिन घातक ठरतात.

साडेसात होतात. मावशींना द्राक्षबागेतल्या मुकादमाचा फोन येतो. उपरणं पुन्हा नाकापर्यंत चढतं. ताई पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवतात आणि सगळ्यांना सांगतात, पुढच्या रविवारी मी नसले तरी यायचं, यंत्र काकांकडे असेल.

एका समुपदेशकाच्या सुट्टीवर आणि एका यंत्रावर हे चाललंय. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे चार लाखांच्या आसपास लोक आहेत, देशात इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ते ठरलेल्या तारखेला गोळ्यांसाठी केंद्रात येतातच. त्या रांगेत प्रत्येकाचा रक्तदाब, कंबरेचा घेर आणि साखर दर खेपेला मोजली गेली पाहिजे, आणि उपचारांच्या पुस्तिकेत औषधाच्या नावाखाली हालचालीचाही सल्ला लिहिला गेला पाहिजे. हे काम एखाद्या ताईच्या चांगुलपणावर सोडण्यासारखं नाही.

आणि हे वाचणाऱ्यांत तुम्ही स्वतः ही गोळी घेत असाल, तर पुढच्या तारखेला केंद्रात गेल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा रक्तदाब किती, साखर किती, कोलेस्टेरॉल किती. तारखेची वाट न पाहता उद्या सकाळी दहा मिनिटं चाला. शक्य असेल तर कुणाला तरी बरोबर घ्या.