फोन घरात, नोंद परमुलखात

‘आम्ही कुठे परदेशी जातो? रोमिंगच्या सुरक्षेशी आमचा काय संबंध?’ हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे आणि सर्वांत घातकही तोच आहे. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीत ओटू-टेलिफोनिका या मोबाइल कंपनीच्या काही ग्राहकांच्या बँक खात्यांतून पैसे गेले. पासवर्ड चोरांनी आधीच मिळवले होते, अडत होतं ते एसएमएसने येणाऱ्या कोडपाशी. मग एका परदेशी नेटवर्कमार्फत निरोप गेला की हे नंबर आता आमच्या हद्दीत आहेत, त्यांचे एसएमएस इकडे पाठवा. तो खरा मानला गेला. यासाठी ग्राहकाने घराचा उंबरठा ओलांडायचीही गरज नव्हती.

असा निरोप खरा का मानला जातो? नेटवर्कं आपसात ज्या एसएस-सेव्हन पद्धतीने बोलतात, ती १९७०-८०च्या दशकांतली. तेव्हा दूरसंचार कंपन्या मोजक्या, बहुतेक सरकारी आणि एकमेकींच्या ओळखीच्या होत्या. ‘तू खरंच तोच का?’ हे विचारायची सोयच त्यात ठेवलेली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्गमधल्या एका परिषदेत टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल या सुरक्षा संशोधकांनी या भाबडेपणाचे परिणाम जाहीरपणे दाखवून दिले: केवळ नंबरावरून माणूस कुठे आहे ते समजतं, कॉलही वळवता येतो.

नेटवर्कच्या वेशीवरचा सुरक्षा गेटवे हाच न विचारलेला प्रश्न विचारतो. काही निरोप बाहेरून येताच कामा नयेत, ते तो तिथेच टाकून देतो. काही निरोप फक्त ग्राहकाच्या मूळ कंपनीनेच पाठवायचे असतात, तिथे तो पाठवणारा तपासतो. खरी कसोटी तिसऱ्या प्रकारात लागते, कारण ‘तुमचा ग्राहक आमच्याकडे आलाय’ हा निरोप रोज हजारो प्रवाशांसाठी खराच असतो. म्हणून गेटवे शेवटची नोंद पाहतो. दहा मिनिटांपूर्वी नाशिकच्या टॉवरवर असलेला फोन आता युरोपात कसा असेल?

‘मोबाइलचा सिग्नल तर कूटबद्ध असतो,’ असंही म्हटलं जातं. ते कूट फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेपुरतंच असतं. आणि गेटवे आपल्या गप्पा वाचतो ही भीती? व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश या वाटेने जातच नाहीत. पारंपरिक एसएमएस मात्र याच निरोपांच्या पोटातून जातो, म्हणून तो इतका नाजूक.

‘फाइव्ह-जी आलं, आता चिंता मिटली’ हे अर्धसत्य आहे. फाइव्ह-जीच्या २०१८ च्या मानकांत वेशीवरचा रखवालदार मुळातच धरलेला आहे; त्याचं नाव सेप. दोन नेटवर्कं आधी प्रमाणपत्रं पारखतात, मगच बोलतात. पण पुष्कळ ठिकाणी टॉवर फाइव्ह-जीचा आणि नेटवर्कचा गाभा फोर-जीचा असतो. तिथे सेप कामालाच येत नाही.

नोंद अशी पळवली गेली तरी फोनवर सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसत राहतात. फक्त एसएमएस आणि कॉल येईनासे होतात. अशा वेळी फोन बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे नोंद नव्याने होते. आणि बँकेने सोय दिली असेल, तर कोड एसएमएसऐवजी अ‍ॅपमधून घ्यावा.